लोहासाठी भुकेलेले जिवाणू : सूक्ष्मजीवशास्त्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

वरूड तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेला बोअरचे पाणी ठिबकाने जाते, आणि ड्रिपर चोंदले की नळ्यांतून तांबूस, बुळबुळीत थर निघतो. बाबा अ‍ॅसिड सोडून तो धुऊन काढत. त्यालाच जैवपटल म्हणजे बायोफिल्म म्हणतात, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळले.

पुढे एम.एस्सी.ला स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू हाती आला. किंग्ज बी या माध्यमावर (जिवाणू वाढवण्याच्या, लोह कमी असलेल्या अन्नावर) वाढवल्यास तो पायोव्हर्डिन तयार करतो व अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळा चमकतो; माझ्या प्लेटवर वाढ भरघोस होती, चमक मात्र जेमतेम. आठवडाभर मी कल्चरला बोल लावला, पण डिस्टिल्ड वॉटर संपले म्हणून माध्यम बोअरच्या, म्हणजे लोह असलेल्या पाण्यात केले होते मीच. पायोव्हर्डिन हा बाहेरचे लोह पकडून आणणारा रेणू आहे. पेशीत लोह पुरेसे झाले की ‘फर’ हे प्रथिन त्याच्याशी जोडले जाऊन डीएनएवर बसते आणि लोह गोळा करणारी जनुके दबवून ठेवते, कारण जास्तीचे मुक्त लोह खुद्द पेशीलाच घातक असते.

संसर्गात परिस्थिती नेमकी उलटी असते. ट्रान्सफेरिन व लॅक्टोफेरिन ही आपली प्रथिने लोह घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे तेथील जिवाणू सतत भुकेला असतो आणि हीच जनुके जागी होतात. लॅक्टोफेरिनने लोह काढून घेतल्यास स्यूडोमोनासच्या पेशी एका जागी स्थिरावून थर बांधण्याऐवजी पृष्ठभागावर सरपटत राहतात, हे 2002 साली दाखवले गेले. म्हणून पौष्टिक माध्यमातील निष्कर्ष रुग्णाच्या जखमेला लावताना दहा वेळा विचार करावा.

आणखी एक सवय मोडावी लागते. ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो, हे आपण पाठ केलेले असते. स्यूडोमोनास मात्र ग्लुकोजआधी सक्सिनेट हे सेंद्रिय आम्ल खातो. शिवाय थरातील वरच्या पेशी ऑक्सिजन संपवत असल्याने खालच्या पेशींची भूक वेगळीच असते, आणि थर मोजायला 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये वापरले जाणारे क्रिस्टल व्हायोलेट हे रंगद्रव्य थराचा एकूण ऐवज किती आहे एवढेच सांगते. मेलेल्या पेशींनाही ते रंगवते.

लोहावर काम करायचे असेल, तर चिकटलेले लोह निघावे म्हणून काचेची भांडी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून डिस्टिल्ड वॉटरने अनेकदा खळबळावीत. बाबांच्या ठिबकाला लागते तेच हे आम्ल, फक्त शुद्ध दर्जाचे.