व्हिडिओ गेमचा कन्सोल घेताना त्याच्या दिसण्याला किती महत्त्व द्यावे?

खेळताना नजर टीव्हीच्या पडद्यावर असते आणि हात कंट्रोलरवर. कन्सोलकडे त्या वेळी कोणी पाहतही नाही. तरीही नवा कन्सोल जाहीर झाला की पहिली चर्चा रंगते ती त्याच्या रूपाची. ही चर्चा मला वायफळ वाटत नाही, कारण ती वस्तू पुढची अनेक वर्षे घरातल्या सर्वाधिक वावराच्या खोलीत राहणार असते. म्हणून दिसण्याचा विचार जरूर करावा. फक्त त्याची सुरुवात रंगापासून न करता आकारापासून करावी.

२०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ ची डिस्क घालता येणारी आवृत्ती सुमारे ३९ सेंटिमीटर उंच आणि २६ सेंटिमीटर खोल आहे, तर त्याच वर्षीचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १५ सेंटिमीटर चौरस तळाचा आणि ३० सेंटिमीटर उंचीचा मनोरा आहे. छायाचित्रात हे आकडे जाणवत नाहीत. त्यासाठी पुठ्ठ्याचे त्याच मापाचे खोके करून ते ठरलेल्या जागी दोन-तीन दिवस ठेवून पाहावे. टीव्हीचा कोपरा झाकला जातो का, कपाटाचे दार लागते का, मागे केबल वळायला जागा उरते का, हे सारे त्यातून आपोआप कळते. खोके आडवे ठेवूनही पाहावे, कारण उभा देखणा वाटणारा कन्सोल आडवा ठेवल्यावर बेढब दिसू शकतो.

यानंतर हवेचा मार्ग तपासावा. माझ्या मते रूपाच्या विचारातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. सिरीज एक्सचा मनोरा केवळ शोभेसाठी नाही: गरम हवा मोठ्या पंख्याने वरच्या जाळीतून बाहेर जावी, यासाठी तो आकार आहे. अशा यंत्राच्या डोक्यावर शोभेची वस्तू ठेवणे किंवा त्याला बंद खणात लपवणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय. भोवती किमान दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी आणि छिद्रे झाकणारे स्टिकर लावू नयेत.

रूपासाठी यंत्रणा वाकवली की काय होते, याचे जुने उदाहरण निन्टेन्डोचे आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळल्यामुळे कंपनीने १९८५ मध्ये तेथे आणलेला एनईएस हा कन्सोल मुद्दाम व्हीसीआरसारखा, म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावण्याच्या यंत्रासारखा घडवला. कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली प्लास्टिकची डबी, समोरून आत सरकवून खाली दाबावे लागे. दुकानदारांना आणि पालकांना तो खेळण्यापेक्षा वेगळा वाटावा, हा हेतू साधला, पण त्या रचनेतल्या जोडणीच्या पिना कालांतराने सैल पडत आणि पडदा लुकलुकू लागे. १९९३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत कार्ट्रिज सरळ वरून घालण्याची सोय झाली.

पृष्ठभागाबाबत माझा कल स्पष्टपणे बिनचकाकीच्या प्लास्टिककडे आहे. २००६ चा पहिला प्लेस्टेशन ३ काळाभोर आणि चकचकीत होता, पण त्यावर बोटांचे ठसे आणि धूळ लगेच उठून दिसत. २००९ च्या स्लिम आवृत्तीला मॅट पृष्ठभाग मिळाला. चकचकीत कन्सोल घेतलाच, तर तो मऊ, कोरड्या कापडानेच पुसावा. माझ्या एका यंत्रावर खरखरीत फडक्याने उमटलेले ओरखडे आजही मला सलतात. फिकट रंगाच्या प्लास्टिकवर थेट ऊन पडू देऊ नये, कारण उन्हाने ते पिवळे पडू शकते.

रंगाची चिंता त्या मानाने कमी करावी. प्लेस्टेशन ५ ची बाजूची आवरणे काढता येतात आणि २०२२ पासून सोनीने वेगळ्या रंगांची आवरणेही विकायला काढली. त्यामुळे केवळ रंगासाठी विशेष आवृत्तीचे जादा पैसे देण्यापूर्वी आवरण बदलता येते का, हे पाहावे.

कंट्रोलरचे रूप मात्र डोळ्यांनी पारखू नये. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर अनेकांच्या हातांना फार मोठा वाटला. जपानसाठी केलेला लहान कंट्रोलरच पुढे इतर देशांतही त्या कन्सोलसोबत दिला जाऊ लागला. शक्य असल्यास मित्राकडे किंवा दुकानात निदान अर्धा तास तो हातात धरून खेळावे, आणि अंगठे सर्व बटणांपर्यंत ताण न पडता पोहोचतात का, हे पाहूनच निर्णय घ्यावा.