शेंगेन व्हिसा : पगारपत्रक नसलेल्या कास्तकारांसाठी
यवतमाळ किंवा वाशीमकडच्या खेड्यातून शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसावर, युरोप पाहायला निघालेल्या कास्तकाराची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. अशा वेळी सातबारा, आठ-अ, बाजार समितीत विकलेल्या कापूस-सोयाबीनच्या पावत्या आणि बँकेचा खातेउतारा एकत्र जोडावा, तसेच मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. पिकाची रक्कम वेळोवेळी खात्यातच जमा झालेली दिसावी, कारण अर्जाच्या तोंडावर नातेवाइकांकडून आणून एकरकमी भरलेला पैसा संशय वाढवतो. हे मी कळकळीने सांगतो. पासपोर्ट मागील 10 वर्षांत काढलेला आणि परतीनंतर किमान 3 महिने वैध असावा. किमान 30,000 युरो संरक्षणाचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत 15 दिवस आधीची असली, तरी तिथवर थांबू नये. सातबाऱ्यावरील आणि पासपोर्टवरील नावांत फरक असल्यास दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात खेपा घालाव्या लागतात, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.