न्वार आणि कामुक थ्रिलरचा स्पूफ लिहिताय? या चुका टाळा

एकांकिका असो, यूट्यूबवरचं स्किट असो की सिनेमा, न्वार म्हणजे जुन्या हॉलिवुडच्या काळोख्या गुन्हेगारीपटाची खिल्ली उडवायची म्हटलं की ठरलेलं सामान बाहेर निघतं: ओव्हरकोट, हॅट, सिगारेटचा धूर, लाल लिपस्टिकवाली बाई आणि मागे सॅक्सोफोन. पहिली दोन मिनिटं लोक हसतात, मग गप्प होतात. लेखकाला वाटतं, पंच कमी पडले. तो आणखी पंच घालतो आणि प्रकरण आणखी बिघडतं. कमी पडलेला असतो तो मूळ प्रकाराचा अभ्यास.

हे नीट समजून घ्यायचं तर कार्ल रायनरचे दोन सिनेमे लागोपाठ पाहा. १९८२चा 'डेड मेन डोन्ट वेअर प्लेड' चाळीसच्या दशकातल्या फिल्म न्वारवर आहे. १९९३चा 'फेटल इन्स्टिंक्ट' मुख्यतः ऐंशी-नव्वदच्या कामुक थ्रिलरवर. दिग्दर्शक एकच, पण माझ्या मते पहिला आजही ताजा आहे आणि दुसरा अर्धाच जमला आहे.

दिसण्यात तडजोड करू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. 'स्पूफ तर आहे, चालतंय' म्हणून प्रकाशयोजना सपाट ठेवली जाते, कपडे भाड्याच्या दुकानातून मिळतील ते आणले जातात. १९८२च्या सिनेमात स्टीव्ह मार्टिनचा खासगी गुप्तहेर चाळीसच्या दशकातल्या खऱ्या सिनेमांच्या तुकड्यांशी संवाद साधतो. एक प्रश्न मार्टिन विचारतो आणि उत्तर हम्फ्री बोगार्ट देतो, तेही जुन्या फिल्ममधून. हा जोड दिसला असता तर सिनेमा तिथेच कोसळला असता. तो दिसू नये म्हणून वेशभूषेला एडिथ हेड आणि संगीताला मिक्लोस रोझा होते. १९४४च्या 'डबल इन्डेम्निटी' या न्वारपटाचे कपडे आणि संगीतही याच दोघांचं. कॅमेरा मायकेल चॅपमनचा, ज्यानं नुकताच 'रेजिंग बुल' काळ्या-पांढऱ्यात चित्रित केला होता. एका प्रसंगात मार्टिन सोनेरी विग घालून, नायिका बार्बरा स्टॅनविकसारखा नटून 'डबल इन्डेम्निटी'तल्या फ्रेड मॅकमरेसमोर उभा राहतो. नजरेची दिशा जुळते, खांद्यावरचा प्रकाश जुळतो. म्हणूनच तो विग हसवतो.

तुमच्याकडे एवढी माणसं नसतील. मग एकच खोली घ्या, एकच दिवा बाजूने मारा, पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्याची सावली भिंतीवर पाडा आणि बाकी सगळं अंधारात सोडा. तपासायचं असेल तर एडिट झालेला प्रसंग आवाज बंद करून पाहा. तो थ्रिलर वाटला पाहिजे. मुका प्रसंगही विनोदी वाटत असेल तर लाइट आणि अभिनय दोन्ही पुन्हा बघा. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये कवींची टर उडवली, पण मूळ कवितेचं वृत्त सोडलं नाही. सिनेमात ते वृत्त म्हणजे ही प्रकाशयोजना.

नटाला हसू देऊ नका

डोळा मारणं, भुवई उडवणं, पंचनंतर कॅमेऱ्याकडे बघणं, सगळं बंद. झकर बंधू आणि जिम एब्रहॅम्स यांनी १९८०च्या 'एअरप्लेन!' या स्पूफसाठी विनोदी नट सोडून गंभीर भूमिकांसाठी ओळखले जाणारे लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, पीटर ग्रेव्ह्ज घेतले, ते उगाच नाही. हाच नील्सन पुढे 'नेकेड गन'मध्ये गाजला. त्याचा पोलीस अधिकारी स्वतःला कर्तबगार समजतो, मूर्खपणा आपल्याला दिसतो. 'फेटल इन्स्टिंक्ट'मध्येही आर्मंड असांटे शेवटपर्यंत चेहरा गंभीर ठेवतो आणि त्या सिनेमातलं जे चालतं त्यातलं बरंचसं त्याच्यामुळेच चालतं.

द्व्यर्थी आणि अश्लील यात गल्लत नको

न्वारमधली माणसं एवढी तिरकी का बोलतात? हॉलिवुडवर तेव्हा हेज कोड नावाच्या नियमावलीचं बंधन होतं, थेट काही दाखवता येत नसे. 'डबल इन्डेम्निटी'त विमा एजंट आणि ग्राहकाची बायको पहिल्याच भेटीत एकमेकांना जोखतात ते गाडीचा वेग, मर्यादा आणि पोलिसाची पावती या भाषेत. शब्दाला शब्द लावून पाहिला तर सगळं वाहतुकीबद्दलच आहे! आपल्याकडे दादा कोंडक्यांची जात हीच: एक अर्थ पूर्ण सभ्य हवा, तरच दुसरा चावतो. स्पूफ लिहिताना सभ्य अर्थच काढून टाकला की उरतो तो निव्वळ चावटपणा.

कामुक थ्रिलरची अडचण वेगळी आहे. तो मुळातच अतिरंजित असतो. 'बेसिक इन्स्टिंक्ट'मधला पोलीस चौकशीचा प्रसंग आणखी ताणून काही मिळत नाही, कारण तो आधीच टोकाला नेलेला आहे. अशा वेळी ताणू नका, शब्दशः घ्या. या सिनेमांत नायिका दिसली की कुठूनसा सॅक्सोफोन वाजतो. 'फेटल इन्स्टिंक्ट'मध्ये तो वाजवणारा क्लॅरन्स क्लेमन्स प्रत्यक्ष तिथे उभाच असतो. 'नेकेड गन'मधलं जोडपं सुरक्षित संबंध एवढे मनावर घेतं की दोघं डोक्यापासून पायापर्यंत निरोधात! दोन्हीकडे मूळ सिनेमातलं तर्कशास्त्र फक्त एक पाऊल पुढे नेलंय.

नुसती आठवण करून देणं म्हणजे विनोद नव्हे

'बेसिक इन्स्टिंक्ट'च्या त्या चौकशीत पाय बदलून बसणारी नायिका १९९२ नंतर इतक्या ठिकाणी येऊन गेली की आता प्रेक्षक ओळखतो आणि तिथेच संपतं. संदर्भानंतर काहीतरी घडलं पाहिजे. 'फेटल इन्स्टिंक्ट'मध्येही 'फेटल अट्रॅक्शन', 'केप फिअर', 'बॉडी हीट', 'स्लीपिंग विथ द एनिमी' अशी रांग लागते आणि ते न पाहिलेला माणूस बाहेरच राहतो. त्याच सिनेमातली उत्तम कल्पना मात्र संदर्भाशिवाय समजते: नायक पोलीसही आहे आणि वकीलही, म्हणजे स्वतःच पकडलेल्या गुन्हेगाराचा बचाव तोच कोर्टात करतो. तशीच ती विमा पॉलिसी. तिप्पट पैसे हवे असतील तर नवऱ्याला गोळी लागली पाहिजे, तो उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीतून पडला पाहिजे आणि गोड्या पाण्यात बुडाला पाहिजे. 'डबल इन्डेम्निटी'तल्या दुप्पट भरपाईच्या कलमाला दिलेला हा पीळ कथेलाच पुढे ढकलतो.

म्हणून आधी सांगाडा उभा करा. 'एअरप्लेन!'वाल्यांनी १९५७च्या 'झीरो अवर!' या गंभीर सिनेमाचे हक्कच विकत घेतले आणि त्याच्या कथेवर विनोद चढवले. सगळे विनोद काढून तुमची गोष्ट पाच ओळींत सांगून पाहा. खून कोणी केला, का केला आणि बाईला नेमकं काय हवं होतं, हे कळलं पाहिजे. बाईला काहीच नको असेल, ती नुसतीच सुंदर असेल, तर न्वार नाही आणि न्वारचा स्पूफही नाही. त्या सिनेमांत डाव तिचा असतो.

मोबाईलसाठी लिहीत असाल तर मागच्या भिंतीवर, कोपऱ्यात घडणारे विनोद जपून वापरा. 'एअरप्लेन!'वाल्यांचीच 'पोलीस स्क्वॉड!' ही विनोदी मालिका १९८२ मध्ये सहा भागांत बंद झाली, तेव्हा वाहिनीच्या अधिकाऱ्यानं कारण दिलं होतं की ती समजायला लक्ष देऊन पाहावी लागते. तळहाताएवढ्या पडद्यावर ही अडचण दुप्पट होते. मागचा विनोद ठेवायचाच असेल तर शॉट दोन सेकंद जास्त धरा आणि पुढच्या नटाला तेवढा वेळ काहीही महत्त्वाचं बोलायला देऊ नका.