आयपीफिक्स जुळतंय का, असं तपासा

दारव्ह्याजवळच्या गावात माझं छोटं इंटरनेटचं जाळं आहे. राउटर एका कंपनीचा, त्याच्याकडून वाहतुकीचा हिशोब गोळा करणारा कलेक्टर दुसऱ्याच बनावटीचा. हा हिशोब पाठवायची प्रमाणित पद्धत म्हणजे आयपीफिक्स. आधी वायरशार्क (पॅकेट उघडून दाखवणारा प्रोग्राम) लावून 4739 पोर्टवरचं पॅकेट पाहा: आवृत्ती 10 हवी, 9 असली तर ते नेटफ्लो, म्हणजे आयपीफिक्सच्या आधीची पद्धत.

मग कलेक्टर मुद्दाम बंद-चालू करा. यूडीपीवर (पोच न घेता पाठवायची पद्धत) टेम्प्लेट, म्हणजे डेटा कसा वाचायचा तो साचा, पुन्हा येईपर्यंत त्याला डेटा उलगडत नाही. किती वेळ गेला, वहीत लिहा.

सगळ्यात जपायचं ते पॅकेटमधल्या अनुक्रमांकाला. आयपीफिक्समध्ये तो डेटा रेकॉर्ड (हिशोबाच्या नोंदी) मोजतो, नेटफ्लो 9 मध्ये पॅकेट. इथं गल्लत झाली की कलेक्टर पॅकेटांची खोटी गळती दाखवतो. त्यापायी मी भर पावसात तुरीच्या वावरातून चिखल तुडवत टॉवरपर्यंत गेलो. केबल धडधाकट होती. आता आधी क्रमांक बघतो.

शेवटी सॅम्पलिंग (सगळी न मोजता मोजकीच पॅकेट मोजणं) बंद करून एक मोठी फाइल पाठवा, दोन्हीकडचे बाइट ताडून पाहा.