दार-कपाटांची हँडलं निवडताना: आधी टेप, मग दुकान

फर्निचरचं काम संपत येतं, पैसेही संपत आलेले असतात, आणि सुतार म्हणतो, "साहेब, हँडलं आणून ठेवा, उद्या लावून टाकतो." बहुतेक घरांत ही खरेदी अशी एका संध्याकाळी उरकली जाते. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला गेलात तर दुकानाची आख्खी भिंत नमुन्यांनी भरलेली दिसते. डोळे दिपतात आणि जे सगळ्यात जास्त चमकतं ते घरी येतं. मग कणकेच्या हातानं ड्रॉवर ओढायची वेळ येते, तेव्हा कळतं काय आणलंय ते.

आधी घरभर फिरा

वही आणि टेप घ्या. खोलीवार लिहा: ड्रॉवर किती, शटरं किती, दारं किती. प्रत्येक ठिकाणी शटर पूर्ण उघडून बघा, पुढे काय आडवं येतंय. भिंत, फ्रिज, दाराची चौकट, शेजारचा ड्रॉवर. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात दोन ड्रॉवर काटकोनात आहेत. मी हौसेनं घेतलेलं हँडल चांगलं दीड इंच बाहेर आलेलं होतं. पहिल्याच दिवशी डावा ड्रॉवर ओढला, तो उजव्याच्या हँडलला जाऊन थडकला आणि नव्या लॅमिनेटचा टवका उडाला. आता त्या दोन ड्रॉवरना वेगळी, चपटी हँडलं आहेत. पाहुणे विचारतात, मी विषय बदलतो.

भोकांचं अंतर

दुकानदार "चार इंची", "सहा इंची" म्हणतो ते ढोबळ माप असतं. खरं माप म्हणजे एका स्क्रूच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि ते मिलिमीटरमध्येच विचारायचं. बाजारात ९६, १२८, १६०, १९२, २२४, २५६ अशी मापं सर्रास मिळतात. दरवेळी ३२ची भर. जुनी हँडलं बदलायची असतील तर हे अंतर मोजल्याशिवाय घराबाहेर पडू नका, नाहीतर जुनी भोकं बुजवत बसावं लागेल. नवीन काम असेल तरीही याच मापांतलं हँडल घ्या. चार वर्षांनी कंटाळा आला तर त्याच भोकांत दुसरं बसतं.

लांबी किती हवी? ड्रॉवरच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश दिसायला बरी वाटते. पण तांदळाचा डबा, कुकर, कढया असलेल्या जड ट्रॉलीला हात घट्ट बसेल असं लांब हँडल द्या. एकुलता एक नॉब तिथं बोटं दुखवतो आणि कालांतरानं फिरायला लागतो. नॉब शोकेसच्या किंवा देवघराच्या हलक्या शटरला शोभतो.

दुकानात हात घालून बघा

नमुना काउंटरवर ठेवून चार बोटं आत घाला. बोटांची पेरं शटरला घासत असतील तर हँडल नापास. मग टोकं बघा. मोकळी, टोकदार टोकं असतील तर ओढणी, बांगडी, खिसा काहीही अडकतं. टोकं आत वळलेली बरी. कडांवरून अंगठा फिरवा, धार लागते का पाहा. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांची बोटं आखडत असतील तर त्यांनाच दुकानात न्या. कन्सिल्ड आणि प्रोफाइल हँडलं (शटरच्या आत किंवा कडेला खाच असते, बोटं तिच्यात घालून ओढायचं) फोटोत सुंदर दिसतात, पण त्या खाचेत पीठ आणि तेलाचा थर बसतो. किचनमध्ये मी ती घेणार नाही. बेडरूमच्या वॉर्डरोबला खुशाल घ्या.

धातू

हातात घेतल्यावर वजन कळतं. पितळ आणि भरीव स्टील जड लागतात, जस्ताच्या मिश्रधातूचं हँडल त्यांच्यापेक्षा हलकं आणि वरून प्लेटिंग केलेलं असतं. प्लेटिंग उडालं की खालचा करडा रंग डोकावतो. स्टील म्हटलं की २०२ ग्रेडचं की ३०४ ग्रेडचं, हे बिलावर लिहून घ्या. ३०४ मध्ये निकेल जास्त असतं, ते गंजाला जास्त टिकतं. लोहचुंबक लावून बघायची पद्धत इथं कामाची नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ लागतच नाही. अलिबाग, रत्नागिरी, गोवा किंवा मुंबईत अगदी समुद्राकाठी घर असेल तर बाहेरच्या दाराला ३१६ ग्रेडचं स्टील मिळालं तर उत्तम. पितळेच्या हँडलांवर बहुधा लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, असतो. तो झिजला की ठिपके पडतात. चिंचेनं घासायची तयारी असेल तरच बिनलॅकरचं पितळ घ्या.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला कामगार ॲसिड वापरतात. त्याच्या वाफेनं चांगल्या स्टीलवरही तांबूस ठिपके येतात. ॲसिडचं काम संपून घर हवेशीर झाल्याशिवाय हँडलं खोक्यातून बाहेर काढू नका.

दारांचं हँडल वेगळं प्रकरण

इथं हँडल एकटं येत नाही, सोबत लॉक असतं. तीन मापं लिहून न्या: दाराची जाडी, दाराच्या कडेपासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि हँडलच्या मध्यापासून चावीच्या मध्यापर्यंतचं. हे शेवटचं माप नव्या लॉकमध्ये पुष्कळदा ८५ मिमी असतं, जुन्यांत वेगळं निघतं. मुख्य दाराच्या लॉकचा सिलिंडर, म्हणजे चावी घालतो तो भाग, दाराच्या जाडीला बेताचा हवा. बाहेरून प्लेटच्या पुढे दोन-तीन मिमीपेक्षा जास्त डोकावला तर चोराला पकड मिळते. वळणदार हँडल असेल तर डावं-उजवं आधी सांगा. बाथरूमला आतून फिरवायची कडी आणि बाहेरून नाण्यानं उघडता येईल अशी खाच असलेलंच घ्या. लहान मूल आतून कडी लावून रडायला लागल्यावर ही खाच आठवते. उंची जमिनीपासून साधारण एक मीटर.

बसवताना

सगळी एकदम लावू नका. एक हँडल चिकटपट्टीनं शटरवर लावून दोन दिवस वापरा. वरच्या शटरला खालच्या कोपऱ्यात, खालच्याला वरच्या कोपऱ्यात, ड्रॉवरला मध्यावर. जागा पटली की पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा बनवून सगळीकडे तोच वापरायला सुताराला सांगा. नजरेनं मारलेली भोकं रांगेत येत नाहीत. मागे लाकडाचा तुकडा दाबून धरला तर ड्रिल बाहेर पडताना सनमायका फुटत नाही. १८ मिमीच्या शटरला पाकिटातला २५ मिमीचा स्क्रू चालतो, पण ड्रॉवरला पुढची फळी दुहेरी असते, तिथं ४० ते ४५ मिमीचे स्क्रू वेगळे आणावे लागतात. ते आधीच आणा, नाहीतर सुताराचा अर्धा दिवस हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि हजेरी तुम्ही देता.

मोजून आलेल्या आकड्यापेक्षा दोन हँडलं जास्त घ्या. डिझाइन बंद पडतात, वर्षभरानं तेच मिळेल याचा भरवसा नाही. ती दोन, उरलेले स्क्रू आणि बिल एका डब्यात घालून माळ्यावर टाका, आणि मॉडेल नंबर सिंकखालच्या शटरच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवा.