पार्किन्सन्सवर एम.फार्म.चा थीसिस करणार असाल तर

एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतलेली मुलं बहुतेकदा आधी वनस्पती ठरवतात, मग आजार, आणि मॉडेल, म्हणजे प्राण्यात तो आजार किंवा त्याची लक्षणं निर्माण करायची पद्धत, सगळ्यात शेवटी. पार्किन्सन्सवर काम करायचं असेल तर हा क्रम उलटा करा. औषधाबद्दल आपल्याला काय म्हणता येईल हे मॉडेलवरच ठरतं, आणि व्हायव्हाचे प्रश्नही तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात स्वस्त मॉडेल हॅलोपेरिडॉल या मनोविकारांवरच्या औषधाचं. इंजेक्शन दिलं की रॅट ताठरतो. पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवले तर तसाच राहतो, आणि पाय खाली घ्यायला त्याला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं. पण हॅलोपेरिडॉल डोपामाइनचे (पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाचे) रिसेप्टर काही काळ अडवतं, पेशी मारणं हे त्याचं काम नाही. तेव्हा नुसत्या दांडीच्या टेस्टवरून ‘चेतापेशींचं संरक्षण झालं’ असं लिहू नका. लोक लिहितात, तो भाग वेगळा.

पेशी खरोखर मारायच्या तर सिक्स-हायड्रॉक्सीडोपामाइन. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून रॅटला भूल देऊन, डोकं स्टिरिओटॅक्सिकमध्ये (मेंदूत नेमक्या जागी सुई नेणाऱ्या चौकटीत) पक्कं बसवून मेंदूच्या एकाच बाजूला सोडावं लागतं. पुढे काही आठवड्यांनी डोपामाइनसारखं काम करणारं अपोमॉर्फिन दिलं की इजा झालेल्या बाजूच्या उलट दिशेने रॅट गोल गोल फिरू लागतो. त्या फेऱ्या मोजायच्या. हे रसायन लगेच खराब होतं. सलाइनमध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिड घाला, बर्फात आणि अंधारात ठेवा, द्रावण तांबूस दिसू लागलं तर सरळ टाकून द्या. सर्जरीनंतर काही रॅट नीट खात नाहीत, त्यांना मऊ खाणं द्यावं लागतं आणि वजन रोज बघावं लागतं. सर्जरी हातात धरून शिकवणारं कुणी नसेल, तर हे मॉडेल नको.

तिसरं मॉडेल एमपीटीपी या रसायनाचं. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात हेरॉइनसारखं बनावट ड्रग टोचून घेतलेली काही तरुण मंडळी अचानक ताठरली. त्यातल्या एमपीटीपीचा छडा लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी लावला. रॅट याला फारशी दाद देत नाहीत, म्हणून सी57 ब्लॅक माइस वापरतात. माणसाला हे किती घातक आहे ते वरच्या प्रकारातूनच कळलं, त्यामुळे हातमोजे, फ्यूम हूड आणि पिंजऱ्यातल्या भुश्शाची वेगळी विल्हेवाट यात कसलीही सूट नाही.

माझ्या मते नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एमपीटीपीचं विषात रूपांतर मेंदूतलं एमएओ-बी हे एन्झाइम करतं. तुमचं औषध तेच एन्झाइम अडवत असेल, तर विष तयारच होणार नाही आणि पेशी वाचलेल्या दिसतील. रुग्णाच्या मेंदूत असं घडेलच असं नाही. म्हणून एमपीपी प्लस, म्हणजे ते तयार होणारं विष, मेंदूत किती तयार झालं हे मोजायची सोय आधी बघून ठेवा.

दुसरा प्रश्न डोस कधीपासून, हा. विष देण्याच्या आठवडाभर आधीपासून औषध सुरू केलं की निकाल छान येतात. पण रुग्ण डॉक्टरकडे येतो तोवर त्याच्या डोपामाइनच्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. निदान एक गट तरी असा ठेवा, ज्याला इजा झाल्यानंतर औषध सुरू होईल. आकडे फिके पडतील, पण प्रश्न खरा असेल.

कवचबीज (खाजकुइलीचं बी) घेणाऱ्यांना खास सांगणं: त्यात मुळातच लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं नेहमीचं औषध, असतं, त्यामुळे परिणाम दिसला यात नवल काही नाही. अर्कातलं लेव्होडोपा मोजा आणि तेवढंच शुद्ध लेव्होडोपा दिलेला गट शेजारी ठेवा.

आता कागदपत्रं. फॉर्म बी भरून संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही प्राणी मागवता येत नाही. तिथे प्राण्यांच्या संख्येचं कारण विचारतात. ‘मागच्या थीसिसमध्ये एवढेच होते’ हे उत्तर चालत नाही, हिशेब संख्याशास्त्राने मांडा. आणि पिंजऱ्यांना कोड घालायचं काम ज्युनिअरला द्या, म्हणजे सेकंद आणि फेऱ्या मोजताना कोणता गट कोणता हे तुम्हाला माहीत नसेल.