कीर्दीतून केसशीटकडे : बत्तिशीत घेतलेला नर्सिंगचा प्रवेश

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका पतसंस्थेत नऊ वर्षे कीर्द-खतावणी लिहिल्यानंतर मी वयाच्या 32व्या वर्षी जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या नर्सिंगच्या पदविकेला प्रवेश घेतला. शिक्षण मराठी माध्यमातून आणि बारावी कला शाखेतून झाल्यामुळे नर्सिंग आपल्या वाट्याचे नाही, असे मी धरून चालले होते. बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेली बारावी लागते, हे खरे आहे. जीएनएम या तीन वर्षांच्या पदविकेत मात्र विज्ञानाला प्राधान्य असले तरी इंग्रजी विषय घेऊन किमान 40 टक्के गुणांनी बारावी झालेल्या अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. कमाल वयोमर्यादा 35 वर्षांची असून प्रवेश वर्षातून एकदाच होतात. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याआधी जन्मतारीख एकदा कागदावर मांडून पाहावी.

फी भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाला भारतीय परिचर्या परिषद आणि कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिल यांची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावे. एका मध्यस्थाने जागा राखून ठेवतो म्हणून माझी मूळ प्रमाणपत्रे घेतली आणि ती परत मिळवण्यासाठी मला दीड महिना हेलपाटे घालावे लागले. हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने पोच न घेता कागद द्यावेत, याची लाज मला आजही वाटते.

वयाचा त्रास मला वाटला होता तेवढा झाला नाही. खरी दमछाक भाषेने केली. आमच्या भागात पुस्तक इंग्रजीत असते, वॉर्डातले बोलणे कानडीत चालते आणि घरी येऊन शंका विचारायची ती मराठीत. माझे कानडी बाजारापुरते होते. दुसऱ्या वर्षी हुक्केरीकडच्या एका आजी ‘तली तिरगाकत्तैती’ असे पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यातला ‘तली’ म्हणजे डोके एवढेच मला कळले. डोके दुखत असेल, असे समजून मी त्यांना बसवून कपाळ चोळू लागले. सिस्टरांनी धावत येऊन त्यांना आडवे केले आणि रक्तदाब घेतला, तो 90/60 निघाला. आजींना चक्कर येत होती. त्या रात्री मी एक वही घातली आणि तिच्या चार रकान्यांत तक्रार मराठीत, पुस्तकी कानडीत, इकडच्या बोलीत आणि इंग्रजीत लिहायला सुरुवात केली. तिसरा रकाना कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, तो आयांकडून आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून भरावा लागतो.

पतसंस्थेतली सवय उपयोगी पडली ती नोंदींमध्ये. कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ ओढून शेजारी सही करतात. केसशीटचा, म्हणजे रुग्णाच्या तपासणी-उपचारांच्या नोंदपत्राचा नियमही हाच आहे. औषध दिले आणि वेळ लिहिली नाही, तर पुढच्या पाळीची सिस्टर ते दिलेच नाही असे धरू शकते. सलाईनच्या गणिताचीही मला भीती वाटली नाही. 500 मिली सलाईन चार तासांत द्यायचे असेल आणि सलाईनच्या नळीच्या संचातून एका मिलीला 20 थेंब पडत असतील, तर 500 गुणिले 20 भागिले 240 (चार तासांची मिनिटे), म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. वॉर्डात उभे राहून पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब मोजायचे असतात, म्हणून मनगटावर सेकंदकाट्याचे घड्याळ हवेच.

तीन वर्षे पगार नसतो. मी आधी दोन वर्षांची आवर्ती ठेव साठवली होती, तीही शेवटच्या सहामाहीत संपली. सासूबाईंचा विरोध रात्रपाळीला होता. शेजारच्या बाळंतिणीला मी दवाखान्यात सोबत नेल्यावर तो विरोध आपोआप मावळला.

पदविका मिळाली की कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापुरात नोकरी करायची असेल, तर येथील कौन्सिलचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी. सीमेपलीकडे माहेर असलेल्या मुलींनी हा अर्ज नोकरी हाती येण्याची वाट न पाहता आधीच करून ठेवावा.